दोन्ही धरतात

"दोन्ही धरतात," मिसेस हॉलंडर म्हणाल्या.

"दोन्ही म्हणजे?"

"म्हणजे कॉलेजात असताना तुम्हाला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला होता, तोही धरतात. आणि पदवीनंतर तोच विषय पुन्हा घेऊन तुम्ही ए मिळवलात, तोही धरतात. मेडिकलच्या अर्जासाठी सरासरी काढताना जुनं काही पुसलं जात नाही."

मी त्यांच्या टेबलावरच्या कॅक्टसच्या कुंडीकडे बघत राहिले. या बाई आमच्या घराजवळच्या सरकारी कॉलेजात डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना सल्ला द्यायच्या. दोन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकले नव्हते, कारण सल्ला द्यायला माझ्या घरी बाबा होते. आता सगळ्या मेडिकल स्कूल्सची नकाराची उत्तरं आल्यावर, का आली ते विचारायला मी गेले होते.

"पण आपल्या कॉलेजने तर तो जुना सी धरलाच नाही," मी म्हटलं. "इथल्या हिशेबाने माझी सरासरी चारपैकी साडेतीनच्या वर आहे."

ते आपल्या कॉलेजपुरतं, असं त्यांनी समजावलं. अर्ज तपासणारे लोक सगळं पहिल्यापासून स्वतः मोजतात आणि त्यांच्या मोजणीत मी तीन पॉइंट दोनला अडकले होते. दोन वर्षं घासून मी तीनवरून तीन पॉइंट दोनवर आले होते. पातेलंभर आमटी खारट झाल्यावर त्यात वाटीभर पाणी घालून कितीसा फरक पडणार, तसं ते होतं.

खरं म्हणजे मी तिथेच उठायला हवं होतं. पण मला दुसराच एक प्रश्न सकाळपासून टोचत होता.

"आणि एखाद्याची पदवी भारतातली असली तर? तिथे दोन विषयांत नापास झालेला असला तर?"

"परदेशातले मार्क सरासरीत धरत नाहीत. इथे जे शिकाल तेवढंच." मग त्यांचा चेहरा खुलला. "तुम्ही प्रणिताच्या नातेवाईक ना? फार गुणी मुलगी आहे."

प्रणिता म्हणजे माझी वहिनी. गुणी मुलगी. मी आभार मानले आणि गाडीत येऊन दार असं आपटलं की शेजारच्या गाडीतल्या माणसाने मान वर करून पाहिलं.

ही गोष्ट न्यू जर्सीतली. मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून तिथे आलो. बाबा केमिकल इंजिनीअर. त्यांच्या हिशेबात परीक्षा म्हणजे पुन्हा बसता येणारी गोष्ट. त्यांच्या काळी एखादा विषय राहिला की ऑक्टोबरला बसायचं, पास झालं की नवे मार्क लागले, जुन्याचं नाव नाही. म्हणून मी कॉलेज कसंबसं संपवून, डॉक्टरच व्हायचं म्हणून हटून घरी परतले, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं की जिथे जिथे सी आहे तो प्रत्येक विषय पुन्हा घे. नवं काही घेऊ नकोस, आधी डाग धुऊन काढ. मीही धोबीण झाल्यासारखी धुवायला बसले. इथे डाग तसाच ठेवून शेजारी नुसतं पांढरं कापड जोडतात, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वहिनी त्याच्या वर्षभर आधी लग्न होऊन आली होती. माझा भाऊ श्रीरंग, आम्ही त्याला रंगा म्हणतो, अचलपूरला जाऊन तिला बघून आला आणि तिथल्या तिथे हो म्हणाला. ती बीएस्सी होती, दोनदा एटीकेटी लागून झालेली, हे तिनेच चहाचा कप हातात देता देता सांगून टाकलं म्हणे. रंगाला तिचा खरेपणा आवडला. आईला आवडला नाही, पण मुलगी देखणी होती आणि रंगा तिशीचा होत आला होता.

ती घरी एकटी कंटाळते म्हणून कॉलेजात नेलं कुणी, तर मीच. मला गाडीत सोबत हवी होती. एखादा सोपा विषय घे, मी म्हटलं, इंग्रजी सुधारेल. तिने जीवशास्त्र घेतलं. सहा महिन्यांनी केमिस्ट्री आणि गणित घेतलं. मग कॉलेजने तिची बीएस्सी मान्य केली, तिचे मार्क मात्र बाहेर ठेवले, आणि ती उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा न घेता वर्ग भरत राहिली. प्रत्येक विषयात ए. फक्त एकदा इंग्रजीत बी आला, तर दोन दिवस जेवली नाही. मी विषय पुन्हा घेत होते, ती पहिल्यांदा घेत होती. आम्ही शेजारी बसायचो. सर तिच्याकडे बघून शिकवायचे.

मत्सर काय असतो ते मला तिच्यामुळे कळलं. तो पोटात होतो. ती वरणाला फोडणी देता देता खिडकीला चिकटवलेल्या कागदावरच्या रासायनिक क्रिया पुटपुटायची, तेव्हा मला तिचा तो ओठ हलवणारा चेहरा सहन व्हायचा नाही. पोळ्या गोल, मार्क पैकीच्या पैकी, सासूशी बोलणं गोड. मी तिच्या चुका शोधायचे. तिच्या बोलण्यात मधूनच वऱ्हाडी यायची, "काय करून राहिल्या ताई?" असं ती विचारायची, की मी रंगासमोर तिची नक्कल करायचे. तीही हसायची. त्याचाही राग यायचा.

आम्ही दोघींनी एकाच वर्षी अर्ज केले. तिला दोन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं, मला एकही नाही. त्या मार्चमध्ये मी मिसेस हॉलंडरांच्या ऑफिसातून घरी आले ते मनात एकच प्रार्थना घेऊन. नाव घेऊन सांगते, मी गणपतीला म्हटलं, मला नाही तर तिलाही नको.

शुक्रवारी दुपारी तिला फोन आला. घरापासून पाऊण तासावरच्या मेडिकल कॉलेजात तिला घेतलं होतं.

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवरच बसली. आईने विचारलं काय झालं, तर तिने नुसतं फोनकडे बोट दाखवलं. मी जिन्यावर उभी होते. मला समजलं. मी वर गेले, शॉवर सुरू केला आणि पाण्याच्या आवाजात ओरडून घेतलं.

घरात त्या दिवशी कुणी पेढे आणले नाहीत. बाबा तिला "शाबास" म्हणाले आणि चोरून माझ्याकडे बघितलं. रंगा मला चुकवत होता. आमच्या घरात आजारी माणूस असल्यासारखे सगळे हळू बोलत होते, आणि आजारी माणूस मी होते. वहिनी आपली नेहमीसारखी भाजी चिरत होती. तिचा आनंद तिने कुठे ठेवला होता कोण जाणे.

रविवारी दुपारी जेवायला सगळे बसलो होतो. आईने दहीवडे केले होते. माझ्या पानात तिसरा वडा वाढता वाढता ती वहिनीला म्हणाली, "प्रणिता, एक विचार आला मनात. त्यांना कळवून जागा वर्षभर राखून ठेवता येते ना? महाराष्ट्र मंडळातल्या त्या सुलभाताईंच्या मुलाने ठेवली होती."

"विचारावं लागेल, आई," वहिनी म्हणाली. "सगळ्यांना देतातच असं नाही."

"विचार की मग. मी काही नको म्हणत नाही. शिक, मोठी हो. पण घरात वातावरण बघतेस ना? शलाकाचं," तिने माझ्याकडे मान केली, "पुढच्या वर्षी होईल, मग दोघी एकदमच जा. तुझं वय कुठे पळून चाललंय? तोवर घरी एखादं बाळ..." आईने वाक्य सोडून दिलं. आई दुष्ट नव्हती. मंडळाच्या संक्रांतीला सून डॉक्टर होणार आणि लेक घरी बसलीय, हे तिला चारचौघींत सांगावं लागणार होतं, आणि माझा उतरलेला चेहरा तिला रोज बघावा लागत होता. तिच्या जागी कुणीही आई तेच म्हणाली असती.

रंगा दह्यात चमचा फिरवत राहिला. बाबा म्हणाले, "तशी सूचना वाईट नाही." म्हणजे ठरलंच होतं. आमच्याकडे बाबांनी वाईट नाही म्हटलं की ते झालंच असं धरायचं.

माझं काय झालं ते सांगते. माझ्या अंगातून एक गार, गोड लहर गेली. ती थांबणार. वर्षभर तीही माझ्यासारखीच घरात पोळ्या लाटणार. जागा राखली गेली नाही तर सुटेलही. मी वडा मोडला, आणि कित्येक दिवसांनी मला घासाची चव लागली.

तेव्हा वहिनीने हातातली पळी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्ही सांगा. तुमच्यासाठीच थांबायचं आहे. तुम्ही म्हणाल तर मी थांबते, वर्षभर काय, तुमचं होईपर्यंत थांबते. म्हणाल तर जाते. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी."

चार तोंडं माझ्याकडे वळली. आईच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की ती खूश आहे, सुनेने किती समजूतदारपणे घेतलं म्हणून. आणि मला त्याच क्षणी पुढचं सगळं दिसलं. वहिनी घरी बसली आहे. कुणीही आलं की आई सांगते आहे, आमच्या शलाकासाठी थांबली हो, एवढी मिळालेली जागा सोडली. मंडळातल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत आहेत. मार्क तिचे जास्त, आणि वर त्यागही तिचाच. मी पुढच्या वर्षी आत गेले तरी तिच्या उपकाराने, नाही गेले तर तिचा त्याग वाया घालवणारी. छे. मी तिला मरेपर्यंत एवढं मोठं होऊ देणार नव्हते.

"थांबायचं काय त्यात?" मी म्हटलं. "मला कुणाची भीक नको. तू जा."

"बघा विचार करून," ती म्हणाली.

"केला विचार. जा म्हटलं ना. आणि आई, पुन्हा हा विषय काढलास तर मी जेवायला खाली येणार नाही."

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. रंगा उठून माझ्यामागे आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "शलू, तुझं मन मोठं आहे गं," म्हणाला. आमच्या घरात ही गोष्ट अजून अशीच सांगतात. वहिनी आता हृदयाची डॉक्टर आहे, मी लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून देते, आणि घरात कुणाचं लग्न असो की बारसं, रंगा पाहुण्यांना सांगतोच की त्या दिवशी शलाकाने मन मोठं केलं म्हणून प्रणिता डॉक्टर झाली. मी गप्प बसते. फुकटचं मोठेपण कुणी परत करत नाही.

पण त्या रविवारी मी मोठी वगैरे झाले नव्हते, धुमसत होते. जेवणं झाल्यावर वहिनी तळघरात कपडे वाळवायच्या यंत्रापाशी गेली, आणि मी तिच्या मागोमाग उतरले. मला भांडायचं होतं. ती गरम चादरी काढत होती. मला बघून तिने एका चादरीची दोन टोकं पुढे केली, आणि सवयीने मी ती धरली.

"एवढं सगळ्यांसमोर मला कशाला विचारलंस?" मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याला विचारायचंस."

"ते थांब म्हणाले असते."

"बाबांना विचारायचंस मग."

"तेही थांब म्हणाले असते. आई तर म्हणालेल्याच होत्या." ती चादर ताणून धरत म्हणाली, "घरात जा म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होत्या."

"मी? माझा काय संबंध? मी का म्हणेन?"

तिने मला दोन पावलं जवळ यायला खुणावलं, चादरीची घडी जुळवली आणि माझ्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. "कारण तुम्हाला माझा राग येतो, ताई. खूप येतो. तुमचं सगळं जाईल, पण माझे उपकार तुम्ही घेणार नाही. मला माहीत होतं. म्हणून मी त्यागाचं जरा जास्तच बोलले."

हीच ती गोल पोळ्यांची, गोड बोलणारी, मान खाली घालून भाजी चिरणारी. माझा मत्सर तिने एवढा नीट ओळखला होता की त्याच्यावर पाय देऊन ती पलीकडे गेली होती.

"हुशार आहेस," मी म्हटलं. "असायलाच हवीस. तुझं बरं आहे, बाई. तिकडे दोनदा नापास झालीस, ते कुणी धरत नाही. इथे येऊन कोरी पाटी. आणि माझे सी, ते मी दोन वर्षं घासले, तरी ते धरतात. माझं सगळं धरतात आणि तुझं काहीच धरत नाहीत. हा कुठला न्याय?"

"हो," ती म्हणाली. "माझं मागचं काही धरत नाहीत. या घरातही नाही धरत." ती दुसरी चादर काढायला वाकली आणि वाकूनच बोलली. "आल्यापासूनचं तेवढं धरतात. त्याआधी मी काय होते, माझे विषय काऊन राहिले, चार वर्षांत कोणी विचारलं नाही मले. तुमी नक्कल केली माझ्या बोलण्याची, पण इचारलं तुमीबी नाही."

ती रागावली किंवा फार खरं बोलायला लागली की तिची भाषा अशी अचलपूरला परत जायची. त्या दिवशी मला तिची नक्कल करावीशी वाटली नाही.

"का राहिले होते?" मी विचारलं.

"मन नव्हतं लागत. मले बीएस्सी करायचीच नव्हती." ती सरळ उभी राहिली. "बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला होता माझा. सरकारी कॉलेजात. माझ्या बाबांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. त्याच वर्षी भावाचं इंजिनीअरिंग निघालं. दोघांचं एकदम जमत नाही म्हणाले. मोठा आहे, त्याचं आधी होऊ दे. तू एक वर्ष थांब."

"मग?"

"मग काय. थांबले. मी लय समजूतदार आहे म्हणून साऱ्यांनी नाव काढलं. पुढच्या वर्षी तेच मार्क कमी पडले."

शेजारच्या कपडे धुण्याच्या यंत्रात एक बटण खडखडत होतं. तिने दार उघडून ते थांबवलं. मला फक्त आईच्या हातचा तो तिसरा वडा आठवत होता, तो मी किती चवीने खाल्ला ते.

"तू हे रंगाला का नाही सांगितलंस?" मी शेवटी म्हटलं. "आत्ता वर टेबलावर सांगितलं असतंस, तर कुणी थांब म्हणालं नसतं."

"म्हणाले असते. तिथं तर माझे सख्खे होते, तरी म्हणाले."

ती चादरीची टोकं माझ्या हातात देत होती. तिचे डोळे कोरडे होते. पण त्यांत जे होतं ते मला लगेच ओळखू आलं, कारण मी ते कित्येक महिने रोज सकाळी बाथरूमच्या आरशात बघत होते.

"तुमी म्हणता ना, तुमचा सी अजून धरतात," ती म्हणाली. "रडता त्याच्यासाठी. बाबांनी तुमाले म्हटलं, पुन्हा बस. उद्या म्हणतील, अजून एक डाव बस. मले कोणीच नाही म्हटलं पुन्हा बस. तुमी वर्गात शेजारी येऊन बसायच्या, सरांकडे लक्ष नाही, वहीवर फुलं काढून राहिल्या, आन मी मनात म्हणायची, हिले दुसऱ्यांदा मिळालं हे, हिले तिसऱ्यांदाही मिळंल. तुमाले पाहून माझ्या अंगाची अशी आग व्हायची, ताई, का काय सांगू."

तोवर मला वाटत होतं, त्या घरात जळणारी मी एकटीच आहे.